उत्तर: कार्ड असूनही मैदानाच्या कडेवरून उठवतात, आणि वर चेंडूही लागतो

तुमची पोस्ट वाचता वाचता माझा डावा गुडघा ठणकायला लागला. सामन्याचे फोटो काढायला गेलात, माध्यमांचं प्रवेशकार्ड गळ्यात, फोटोग्राफरचा बिब (ओळखीचं बिनबाह्यांचं जॅकेट) अंगावर, तरी पहिल्या हाफमध्ये तीनदा उठवलं. शेवटी जिथे बसवलं तिथेच चेंडू येऊन लेन्सवर आदळला, आणि आता आयोजकांचं कार्यालय म्हणतंय, "तुम्ही तिथे असायलाच नको होतं." तुमचे प्रश्न दोन: पुढच्या वेळी कुठे बसावं, आणि तक्रार करून काही उपयोग आहे का. बसण्याचं आधी सांगतो. तक्रारीचा विषय काढला की माझी गाडी रुळावरून घसरते.

फ्लॅश, मोनोपॉड, रेन कव्हर वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

फुटबॉलमध्ये गोलच्या मागे, जाहिरातीच्या फळ्यांआड बसायला मिळत असेल तर तीच जागा घ्या. पण ती सुरक्षित आहे असं समजू नका. पेनल्टीची खूण गोललाइनपासून 11 मीटरवर. तुम्ही लाइनीच्या मागे 5 मीटर असाल तर अंतर झालं 16 मीटर. ताशी 100 किमी वेगाने मारलेला चेंडू सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जातो, म्हणजे तुमच्या हातात अर्ध्या सेकंदाहून जेमतेम जास्त वेळ. त्यात 400 मिमीची लेन्स फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर फक्त 6 अंशांच्या आसपास दाखवते. चेंडू फ्रेमबाहेर गेला की तो कुठे गेला हे कळतच नाही. म्हणून दुसरा डोळा उघडा ठेवायची सवय लावा. पहिले काही सामने डोकं दुखतं, मग जमतं. आणि मांडी घालून बसू नका. एक गुडघा टेकवा, म्हणजे अंग बाजूला टाकता येतं.

टचलाइनवर (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेवर) बसायचं असेल तर प्रत्येक बाजूला साहाय्यक पंच अर्ध्याच लाइनीवर धावतो, उरलेलं अर्धं त्या मानाने मोकळं असतं. संघांच्या बाकांपासून मात्र लांबच राहा.

बॅग कधीही शेजारी ठेवू नका, पाठीमागे ठेवा. शेजारची मोकळी जागा आपली नसते, पळत सुटलेल्या खेळाडूला थांबायला ठेवलेली असते. एनबीएने (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने) 2014-15 च्या हंगामात बेसलाइनवरच्या (बास्केटमागच्या रेषेवरच्या) फोटोग्राफरांच्या जागा 24 वरून 20 केल्या आणि बास्केटच्या खांबाच्या दोन्ही बाजूंची मोकळी पट्टी 3 फुटांची 4 फूट केली. आपल्यातल्या चौघांच्या जागा गेल्या, तरी मला तो निर्णय पटतो. 2018 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात क्रोएशियाचे खेळाडू गोलच्या आनंदात एका फोटोग्राफरवर कोसळले आणि तो खालूनच फोटो काढत राहिला. हा किस्सा सगळ्यांना गोड वाटतो. मला त्यात फक्त लेन्सच्या हूडची कड आणि कोणाचा तरी जबडा दिसतो.

आता माझी चूक. एका अंतिम सामन्याला मला गोलच्या मागे 14 नंबरची जागा दिली होती. सामना सुरू व्हायच्या जरा आधी वॉकीटॉकीवाला एक स्टुअर्ड (मैदानावर व्यवस्था बघणारा कर्मचारी) आला आणि म्हणाला, टीव्हीची केबल इथून जाणार आहे, तुम्ही पलीकडे बाकांच्या पुढे जा. मी मान डोलावली, बॅग उचलली आणि गेलो. माझी चूक ती एवढीच. कोणाला कळवलं नाही, त्याच्या जॅकेटवरचा नंबर पाहिला नाही, नवीन जागी दोन फळ्यांमध्ये माणूस जाईल एवढी फट आहे हेही डोक्यात आलं नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन खेळाडू चेंडूसाठी घसरत त्या फटीतून थेट माझ्यावर आले. गुडघ्याचा लिगामेंट गेला, लेन्स माउंटपाशी (कॅमेऱ्याला जोडते तिथे) तुटली. खेळाडू उठून पळाले, नशीब.

आणि मग ते आयोजकांचं कार्यालय. नाव घेत नाही. त्यांचं म्हणणं एका ओळीचं: तुमची नेमलेली जागा 14, अपघात दुसरीकडे, म्हणजे तुम्ही स्वतःहून जागा सोडली. मी म्हटलं, स्टुअर्डने हलवलं. "कोणत्या?" इथे मी गप्प. मी फोटो पाठवले. कोनावरून स्पष्ट दिसत होतं की मी तासाभराहून जास्त वेळ त्याच जागी बसलो होतो आणि कोणीही मला उठवलं नव्हतं. उत्तर आलं, "यावरून तुम्ही तिथे होता हे कळतं, तुम्हाला कोणी पाठवलं हे नाही." या उत्तरात चूक काढता येत नाही, हेच जास्त झोंबलं. विमा कंपनी म्हणाली, तुम्ही परवानगीच्या जागी होता असं आयोजकांचं पत्र आणा. आयोजक म्हणाले, विमा कंपनीने मागितलं तरच पत्र देऊ. विमा कंपनी म्हणाली, आम्ही मागत नसतो, दावेदाराने आणायचं असतं. सात आठवडे हे चाललं. दर वेळी नवा माणूस, आणि दर नव्या माणसाला "घटनेचे सविस्तर वर्णन" पहिल्यापासून हवं. शेवटी खर्च माझ्याच खिशातून गेला आणि हंगामही गेला.

तेव्हापासून मला कोणीही हलवलं तर मी वाद घालत नाही. (वाद घालणाऱ्यांमुळे पुढच्या वेळी सगळ्यांचाच प्रवेश आवळतात, हे माझं ठाम मत.) उठतो, जॅकेटचा नंबर बघतो आणि मीडिया अधिकाऱ्याला फोनवरून एक ओळ टाकतो: "जागा 14 वरून बाकांच्या उजवीकडे हलवलं, जॅकेट क्रमांक अमुक, चालेल ना?" वीस सेकंदांचं काम. "ओके" आलं तर उत्तम. उत्तर नाही आलं तरी वेळेसकट आपली नोंद राहते. आणि नवीन जागा धोकादायक वाटली तर तिथे बसू नका. तो फोटो गेला तर जाऊ दे.

तुमच्या तक्रारीबद्दल: करा, पण लेखी आणि लगेच. चूक कोणाची हे विचारूच नका, त्यावर कोणी सही करत नाही. घटनेच्या नोंदीची प्रत मागा. तुम्ही प्रथमोपचार कक्षात गेला होतात का? पोस्टमध्ये लिहिलेलं नाही. गेला असाल तर तिथल्या वहीतली नोंद वेळेसकट मिळते आणि ती नाकारणं अवघड जातं. मी लंगडत गाडीपर्यंत गेलो होतो, मर्दुमकी दाखवत. मूर्खपणा नंबर दोन.

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. कार्ड घेताना "स्वतःच्या जबाबदारीवर" असं लिहिलेल्या कागदावर आपण सह्या करतो, त्याचं वजन देशोदेशी वेगळं असतं. विमावाल्याला मात्र आत्ताच विचारा की तुमच्या सामानामुळे खेळाडूला इजा झाली तर पॉलिसी तो खर्च देते का. लेन्सचा विमा सगळे काढतात, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दुसऱ्या खेळांबद्दल मी कमी बोलतो, माझा अनुभव मुख्यतः फुटबॉलचा. पण भालाफेकीत (पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा) फेकणाऱ्याकडे पाठ करून स्क्रीनवर फोटो बघणारे मी पाहिलेत, त्यांना हात जोडतो. आणि मोटारशर्यतीचं एकच उदाहरण: 2013 च्या जर्मन ग्रांप्रीत पिटमध्ये (गाड्या चाकं बदलायला थांबतात तिथे) निसटलेलं चाक एका कॅमेरामनला लागलं, त्यानंतर माध्यमांना पिटलेनमधून (पिटमधल्या रस्त्यावरून) काढून थेट पिटवॉलवर (पिटलेन आणि ट्रॅक यांच्यामधल्या भिंतीपाशी) धाडलं. एक अपघात, आणि जागा सगळ्यांची गेली.

जाता जाता, चेंडू लागलेली ती लेन्स. वरून ठीक दिसली तरी भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा समोर सरळ लावा आणि लेन्सचं अपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडून फोटो काढा. एका बाजूची अक्षरं धूसर आली तर माउंट वाकला असण्याची शक्यता आहे. तो फोटोही तारखेसकट तक्रारीला जोडा.