जर्मनीत नव्याने येतोयस, तर

घर मिळालं की पहिल्या 2 आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', उरकून घे. त्याला घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं. किल्ली हातात घेतानाच ते मागून ठेव. बाकीची कागदपत्रं मागोमाग होतात.

रविवार मात्र मनाला लावून घेऊ नकोस. दुकानं बंद, रस्ते सुने, आणि आपल्याला सवय रविवारी सहकुटुंब बाहेर पडायची. पहिल्या हिवाळ्यात साडेचारलाच अंधारून यायचं, तेव्हा त्या शांततेनं मला रडू फुटायचं. नंतर कळलं, माणसं घरात कोंडून बसलेली नसतात. जंगलात, नदीकाठी चालायला गेलेली असतात. तूही जा. वाटेत एखादे अनोळखी आजोबा 'हालो' म्हणतील, त्यांना उत्तर दे. माझी भाषा अशीच सुटली, क्लासपेक्षा लवकर.

रविवारी ड्रिल चालवायचं नाही, रात्री 10 नंतर मिक्सरही नको. चटणी आधीच वाटून ठेव. शेजाऱ्यानं टोकलं तर तो राग धरून बसेल असं समजू नकोस, इथे तोंडावर सांगायची पद्धत आहे.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नकोस, अपशकुन मानतात. स्वतःच्या वाढदिवसाला ऑफिसात केक आपणच न्यायचा.

आणि आईचा फोन. उन्हाळ्यात आपल्याकडचं घड्याळ साडेतीन तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. म्हणजे हिवाळ्यात इथले 5 वाजेपर्यंत तिकडे साडेनऊ होतात. त्याआधीच लाव, ती जागी राहून वाट बघत बसते.