फ्रान्समधला रिपोर्ट आणि नाशिकचे डॉक्टर

प्रश्न : नमस्कार ताई, माझी बहीण फ्रान्समध्ये ल्योंला असते. आई-बाबा जानेवारीत तिच्याकडे राहायला गेले होते, तिथे बाबांना (वय ६७) ताप आला, घसा धरला, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि छातीचा एक्सरे काढला. आता दोघं परत आलेत आणि आमचे डॉक्टर म्हणतात रिपोर्ट इंग्लिशमध्ये करून आणा. मी मोबाईलवरच्या एका अॅपमध्ये टाकून बघितलं तर त्यात चक्क अंजायना (हृदयाचं दुखणं) लिहून आलं, आई दोन दिवस झोपलेली नाही. क्रिएटिनिन ११ आहे, काका म्हणाले किडनी गेली. शुगर नुसती १,१२ लिहिलीय, हा कसला आकडा तेच कळत नाही. काय करू? - एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी आईंना जाऊन सांगा की झोपा. फ्रेंचमध्ये 'आंजीन' म्हणजे घशाला, टॉन्सिलला आलेली सूज, आपल्याकडे डॉक्टर टॉन्सिलायटिस किंवा फॅरिंजायटिस म्हणतात ते. हृदयाच्या दुखण्याला ते लोक 'आंजीन द प्वात्रीन' म्हणतात, प्वात्रीन म्हणजे छाती, आणि ते शब्द तुम्ही पाठवलेल्या कागदावर कुठेच नाहीत. बाबांचा घसाच धरला होता ना, मग तेच लिहिलंय.

आता क्रिएटिनिन. मी डॉक्टर नाही, फ्रेंचमधून भाषांतर करते, त्यामुळे आकड्याचा अर्थ तुमचे डॉक्टरच सांगतील, पण आकडा कुठल्या मापात आहे ते मी नक्की सांगू शकते. फ्रान्समधल्या लॅब बऱ्याच गोष्टी एका लिटरमागे मोजून लिहितात आणि आपल्याकडे डेसीलिटरमागे, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागामागे लिहायची पद्धत आहे. तुमच्या कागदावर ११ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, ते आपल्या पद्धतीने १.१ झालं. शेजारी ९७ मायक्रोमोल असंही छापलंय बघा, तो तोच आकडा तिसऱ्या मापात आहे, ८८.४ ने भागा, १.१ च येतं. आपल्या मापात खरंच ११ असते तर ती फार गंभीर गोष्ट होती, म्हणून काका घाबरले यात त्यांची चूक नाही, पण कुणी भाषांतर करताना युनिट गाळलं तर एखाद्या घाईतल्या डॉक्टरचीही अशीच गफलत होऊ शकते, आणि मला या कामात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, शब्दांची तेवढी नाही.

शुगरचंही तसंच. तिकडे आपल्या दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, त्यामुळे १,१२ म्हणजे १.१२ ग्रॅम प्रति लिटर, आपल्या भाषेत ११२ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर. 'आ ज्यूं' लिहिलंय म्हणजे उपाशीपोटीची. प्लेटलेट (तिकडे प्लाकेत) २१२ जी प्रति लिटर आहेत, हा जी म्हणजे गिगा (अब्ज), आपल्या हिशेबात मायक्रोलिटरमागे २ लाख १२ हजार. बीपी १४/८ लिहिलंय ते १४०/८०, कारण फ्रान्समध्ये बीपी पाऱ्याच्या सेंटिमीटरमध्ये सांगतात, आपल्याकडे मिलिमीटरमध्ये. आणि टीपी ९२ टक्के आहे ते प्रोथ्रॉम्बिनचं, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचं, आपल्याकडे ते सेकंदात आणि आयएनआरमध्ये येतं म्हणून टक्के बघून गोंधळू नका, ते टक्केच ठेवायचे.

नावं फार अवघड नाहीत. एनएफएस म्हणजे आपलं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), व्हीएस म्हणजे ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी), एएलएटी म्हणजे एसजीपीटी आणि एएसएटी म्हणजे एसजीओटी (दोन्ही लिव्हरच्या तपासण्या), डीएफजी म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज). पुढे कधी आयआरएम दिसलं तर ते एमआरआय. आणि उजवीकडे 'आंतेरिओरिते' नावाचा कॉलम असेल तर त्यातले आकडे जुन्या तपासणीचे असतात, ते चुकून आजचे म्हणून उतरवू नका, माझ्याकडे अशी भाषांतरं दुरुस्तीला आलेली आहेत.

शेवटच्या ओळीवर मात्र मी थांबले. तिथे लिहिलंय की क्रिएटिनिन 'आ दिस्तांस' तपासावं, आणि तुमच्या अॅपने त्याचं रिमोट मॉनिटरिंग करून टाकलंय! दिस्तांस म्हणजे अंतर हे खरं, पण डॉक्टरी फ्रेंचमध्ये हे अंतर काळाचं असतं, म्हणजे हा ताप-बिप पूर्ण ओसरला की काही दिवसांनी पुन्हा तपासा असं ते सांगतायत. ही पुढच्या उपचाराची सूचना आहे आणि अॅपच्या भाषांतरात ती पार हरवली. म्हणून तुमच्या डॉक्टरांना ही ओळ आवर्जून दाखवा. एक्सरेच्या कागदावर 'पा द फ्वाये' आहे, म्हणजे न्यूमोनियासारखा डाग दिसला नाही. इथला 'पा' म्हणजे 'नाही', तो एक शब्द सुटला तर अख्खा अर्थ उलटा होतो, त्यामुळे अशी वाक्यं दोनदा वाचायची.

भाषांतर तुमची बहीण करू शकेल, ती तिथे राहते, तिला फ्रेंच येतं, फक्त पद्धत अशी ठेवायला सांगा : डावीकडे मूळ फ्रेंच नाव, शेजारी इंग्लिश नाव, मग छापलाय तसाच आकडा, छापलंय तेच युनिट आणि त्याच लॅबची रेंज. आपल्या मापातला आकडा वेगळ्या कॉलममध्ये, वर 'भाषांतरकाराने बदलून दिलेला' असं लिहून. नॉर्मल-अॅबनॉर्मल असले शेरे स्वतःहून अजिबात घालू नका, आणि मूळ कागद कायम सोबत न्या. एखादं पान हरवलं असेल तर २००२ च्या कायद्याने तिथे पेशंटला स्वतःचे कागद मागायचा हक्क आहे, मात्र अर्ज बाबांच्या सहीने जायला हवा. आणि हो, अॅपमध्ये कागद टाकताना वडिलांचं नाव, जन्मतारीख झाकत जा हो.

प्रश्न : ताई, ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या क्लेमसाठी फ्रेंच रिपोर्टचं भाषांतर शिक्क्याचंच लागतं का? बरेच पैसे सांगतायत. - एक वाचक, पुणे

उत्तर : आधी कंपनीला ईमेल करून विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत कुणाला पैसे देऊ नका. नुसतं डॉक्टरांना दाखवायचं असेल तर शिक्क्याची गरज नसते. कंपनीने शपथ घेतलेला भाषांतरकारच हवा म्हटलं, तर फ्रान्समध्ये त्यांना 'त्रादुक्तर आसेरमांते' म्हणतात, आणि तिथल्या प्रत्येक अपील कोर्टाची अशा लोकांची यादी असते. पण कुठल्या देशातला शिक्का चालेल, इथल्या भाषांतरकाराचा चालेल का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. आणि सगळ्या पानांचं करायची गरज आहे का तेही, कारण बऱ्याचदा दर पानावर असतो आणि लॅबच्या रिपोर्टचं शेवटचं पान कधीकधी नुसत्या पत्त्याचं असतं.