आज्जी 93 वर्षांची होऊन गेली, मग मला एवढं रडू का येतंय?

हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. परवानगी घेतलीय, ओळख बदललीय.

चाळिशीच्या एक ताई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या, घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत नदीकडच्या अंगाला, बँकेत नोकरी. आज्जी दिवाळीत गेल्या, त्याला चार महिने झालेले. म्हणाल्या मॅडम लाज वाटते सांगायला, सगळे म्हणतात पिकलं पान होतं, म्हातारीचं सोनं झालं, आणि मी अजून बाथरूमात नळ सोडून रडते.

सोनं झालं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्या एका वाक्याने घरच्यांचं तोंड बंद होतं हे मी इतक्यांदा बघितलंय की आता ते ऐकलं की मला राग येतो. वय 93 असो नाहीतर 33, दुःख नात्याएवढं असतं. या ताईंची तर चाळीस वर्षं एकही सकाळ आज्जीशिवाय गेली नव्हती.

खरं दुखणं दुसऱ्या भेटीत निघालं. आज्जी शेवटची दोन वर्षं अंथरुणात, डायपर, पाठीच्या जखमा, रात्रीची जागरणं, सगळं यांनीच केलं. आणि श्वास थांबला तेव्हा आधी मोकळं वाटलं. तेच खात होतं. शिवाय डोळे मिटले की फक्त ती खाट दिसते, धडधाकट आज्जी आठवतच नाहीत. मी त्यांना सांगितलं, दोन वर्षं न झोपलेल्या माणसाला सुटल्यासारखं वाटणारच, त्याचा माया कमी-जास्त असण्याशी काही संबंध नाही. आणि शेवटचं जे बघितलं तेच डोळ्यापुढं जास्त राहतं, मन असंच चालतं, त्यामुळं दोन वर्षांनी आधीची 91 झाकली गेलीत.

मग विचारलं, जन्म कधीचा? दाखला नव्हता. पणजी म्हणायच्या, शाहू महाराज गेले त्याच्यानंतर आठ वर्षांनी झाली ही, म्हणजे 1922 नंतर आठ, 1930. इथून जे सुरू झालं ते तासभर थांबेना. 1967 चा कोयनेचा भूकंप, पहाटे पोरांना अंगणात काढून आज्जी परत आत गेल्या, कशाला तर दुधाचं पातेलं आणायला. 2019 च्या पुरात, वयाच्या 89 व्या वर्षी, चटणीची बरणी घेतल्याशिवाय नावेत पाय ठेवीनात, "मी न्हाई येत जा" म्हणून बसल्या. हे सांगताना ताई हसल्या आणि हसताना दचकल्या.

आज्जींच्या आयुष्याची एक वही करायला सांगितली. दहा-दहा वर्षांचा एक भाग, आपल्याला माहीत नाही ते आत्याला, काकांना विचारायचं. खाट पण लिहायची, टाळायची नाही, फक्त तिच्या जागेवर, शेवटी.

हा आजार आहे का असंही त्यांनी विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीत लांबलेल्या शोकाचं निदान आहे, पण त्यासाठी किमान सहा महिने तीव्र ओढ-दुःख हवं आणि रोजचं जगणं मोडलेलं हवं. ताई कामावर जात होत्या, जेवत होत्या. मात्र झोप-जेवण तुटलं, जगावंसं वाटेना झालं तर सहा महिने वाट बघू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

भूकंपावरनं आत्या आणि काकांचं भांडण झालं म्हणे, काका म्हणतात दूध नव्हतं, पाळण्यातलं पोर आणायला गेलेली. दोन्ही लिहून ठेवलंय. मे महिन्यात आत्याला मापं विचारून (ती सगळी शेरात) ताईंनी डंकावर कांदा-लसणीची चटणी कुटून आणली. आज्जीसारखी नाही झाली, मीठ कमी पडलंय म्हणाल्या, आणि एक डबा माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.