पाण्याखालच्या फोटोत लाल रंग कुठून आणायचा?

तारकर्लीच्या स्कूबाचे फोटो हिरवट-निळे आलेत आणि टेंपरेचरचा (फोटोचा रंग थंड-उबदार करणारा) स्लायडर पार उजवीकडे नेला तर वहिनींचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतोय, असं तुम्ही लिहिलंय. स्लायडर बिचारा काय करणार? फाइलमध्ये लाल रंग उरलेलाच नाही.

पाणी सगळ्यात आधी लाल प्रकाश गिळतं. पाचेक मीटर खाली गेलं की त्यातला बराचसा संपतो. शिवाय नुसती खोली धरून चालत नाही. तुम्ही ६ मीटर खाली आणि कॅमेरा २ मीटर लांब, म्हणजे उजेडाने ८ मीटर पाणी कापलं. नाशकात समुद्र नसला तरी तरणतलावात हे बघता येतं: तोच लाल टॉवेल आधी हाताच्या अंतरावरून टिपा, मग दहा मीटरवरून.

आता उपाय. फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलचा बनतो. हिस्टोग्राममध्ये (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणाऱ्या आलेखात) फक्त लाल चॅनेल उघडा, सगळा ढीग डावीकडे चिकटलेला दिसेल. तोच ताणत बसलात तर नुसते खरखरीत दाणे (नॉइज) वर येतात. चेहऱ्याचे बारकावे हिरव्या चॅनेलमध्ये शाबूत असतात, ते लालला उसने द्यायचे. गिंप हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात लेयरची (फोटोच्या थराची) कॉपी करा, चॅनेल मिक्सर उघडा आणि लाल चॅनेलमध्ये लाल १ तसाच ठेवून हिरवा ०.४ च्या आसपास न्या. चेहऱ्याकडे बघत थोडं कमी-जास्त करा. मग लेव्हल्समधल्या ग्रे पिकरने (‘हा रंग करडा धर’ असं सांगणाऱ्या ड्रॉपरने) एखादी करडी वस्तू टिपा, पण ती चेहऱ्याइतक्याच अंतरावरची हवी. मागच्या वाळूवर टिचकी मारलीत तर चेहरा लालभडक होईल.

यात मागचं पाणी जांभळट होतं. वरच्या लेयरला लेयर मास्क (हवा तो भाग झाकणारा पडदा) लावून तिथे मूळ रंग परत आणा. पाणी निळं-हिरवंच शोभतं, ते ‘सुधारणारे’ लोक मला कळत नाहीत.

क्लॅरिटी आणि डीहेझ (उठाव वाढवणारे आणि धूसरपणा घालवणारे स्लायडर) यांना जपून हात लावा, गाळाचा कण न् कण उठून दिसतो.

अल्बमसाठी एसआरजीबी (स्क्रीनवर नेहमी वापरतात ती रंगपद्धत) जेपीईजी द्या आणि लॅबवाल्याला ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं बजावून सांगा, नाहीतर त्याचं मशीन या सगळ्यावर पाणी फिरवेल. आधी एकच ४ बाय ६ काढून बघा, मग बाकीचे.