लेकीचं नाव ठरेना, आणि घरात कुणी कुणाशी नीट बोलेना

"एवढ्याशा गोष्टीसाठी तुमच्याकडे यावं की नाही, तेच कळत नव्हतं." मुलीचं नाव ठरत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला येणारी जोडपी बहुतेक वेळा अशीच ओशाळून बोलायला लागतात. गोष्ट एवढीशी नाही, हे मी त्यांना आधी सांगते. 2011 साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी', 'नकुसा' अशी नावं असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना सरकारी पुढाकाराने नवी नावं देण्यात आली. आपण जन्मलो तेव्हा घरच्यांना काय वाटलं होतं, हे त्या मुली तोवर शाळेच्या हजेरीत रोज ऐकत होत्या. इतकं टोकाचं सगळीकडे नसतं. पण नाव ठेवताना घरात जे धुमसत असतं, ते मुलीच्या नावाला चिकटून राहू शकतं.

मध्यंतरी आलेलं एक जोडपं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पहिलं बाळंतपण, ती माहेरी, बाळ पाच आठवड्यांचं. बारसं दोनदा पुढे ढकललेलं. बाळाचा जन्म हस्त नक्षत्राच्या चौथ्या चरणावर, त्यामुळे गुरुजींनी अक्षर दिलं 'ठ'. 'ठ'वरून धड नाव मिळेना, तेव्हा कन्या राशीचं म्हणून 'प' धरायचं ठरलं. सासूबाईंनी 'पावनी' काढलं. नणंद म्हणाली, नाव ठेवायचा मान आत्याचा, मला 'प्रिशा' हवं. बाळाच्या आईच्या मनात होतं 'मुक्ता'. शेवटी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतं घेतली. 'मुक्ता'ला एकच मत पडलं, तिचं स्वतःचं. नवऱ्याने मतच दिलं नव्हतं.

ती बोलताना सारखी रडत होती, म्हणून नावाचा विषय बाजूला ठेवून मी आधी तिची चौकशी केली. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी रडू येणं, चिडचिड होणं बऱ्याच जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही तसंच राहिलं, बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप लागेना, कशातच मन लागेना, तर ते नावाच्या वादावर ढकलून चालत नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची शक्यता तपासायला 10 प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली वापरतात. ती तिच्याकडून भरून घेतली. तिची झोप, भूक ठीक होती, बाळात जीव होता. दुखणं दुसरीकडे होतं.

नवरा म्हणाला, "मॅडम, मला कुठलंही नाव चालेल. आईलाही दुखवायचं नाही आणि हिलाही."

मी तिला विचारलं, "मुक्ता कधीपासून मनात आहे?"

"सातव्या महिन्यापासून. रात्री पोटात हालचाल सुरू झाली की मी म्हणायचे, मुक्ता, झोप आता. ह्यांना माहीत आहे."

तो खाली बघत राहिला. त्याला माहीत होतं, किंबहुना पोटावर हात ठेवून त्यानेही तीच हाक मारली होती. आणि घरात नावांची यादी फिरत असताना तो याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

असे बरेच बाप मी पाहते. वाईट नसतात, भांडण नको म्हणून गप्प बसतात. पण ओल्या बाळंतिणीला ते गप्प बसणं फार लागतं. नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाळाबद्दल आपला शब्द या घरात मोजला जातो का, हे ती त्या वादात चाचपून पाहत असते. सासूचा विरोध तिने गृहीत धरलेला असतो, नवऱ्याचं गप्प बसणं नाही. म्हणून मी त्याला एकच काम दिलं. आईशी त्याने स्वतः बोलायचं, आणि 'तिचं म्हणणं आहे' असं न म्हणता 'आमचं दोघांचं' म्हणायचं. नाव सांगण्याआधी त्या रात्रींबद्दल सांगायचं.

पुढच्या वेळी सासूबाई आपणहून आल्या. आधी जरा ताठच होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवीन नाव लिहिलं. मला कुणी विचारलं नव्हतं. मुलांची नावं सासूबाईंनी ठेवली. वाटलं, नातीच्या वेळी तरी आपण ठेवू." सून त्यांच्याकडे बघतच राहिली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांची दुसरी घाई दाखल्याची होती. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते हे खरं, पण ती नावाशिवायही होते. नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे बारशाच्या तारखेपायी कुणाला कोंडीत पकडायची गरज नसते. आणि राशीच्या अक्षराचं म्हणाल, तर पत्रिकेपुरतं नावरस नाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं, ही सोय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. ती मी सुचवली नाही, सासूबाईंनीच काढली. पत्रिकेसाठी 'पावनी', कागदोपत्री आणि हाकेला 'मुक्ता'.

आत्या मात्र रुसली. बारशाला आली, बाळाच्या कानात कुर्रर्र करून 'मुक्ता'च म्हणाली, पण पुढे महिनाभर भावाशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. वहिनीने तिला एकदा स्वतःहून फोन करावा, एवढंच मी सुचवलं. सगळ्यांची समजूत एकाच वेळी निघत नाही, आणि तो भार बाळंतिणीवर टाकूही नये.

नाव ठरवायला बसलेल्यांना मी दोन गोष्टी नेहमी सांगते. 'कुठलं नाव' याआधी प्रत्येकाने 'का' ते सांगावं, आणि अगदीच नको असलेलं एक नाव बाद करायचा हक्क आईबाबा दोघांनाही असावा. मतदान घेऊ नये. त्यात जिंकणाऱ्यांची संख्या कळते, हरलेल्या आईचं मन कळत नाही.

अर्ज भरायला हे जोडपं गेलं तेव्हा तिने मला फोन करून एक शंका विचारली. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. ते खरंच असंच लिहायचं का, हे तिला पक्कं करून हवं होतं. म्हटलं, असंच लिही, आणि इंग्रजी स्पेलिंग दोघांनी मिळून तपासा. शाळा, आधार, पासपोर्ट, सगळीकडे पुढे तेच लागतं.