विश्वप्रसरणाचा वेग दोन पद्धतींनी वेगवेगळा का येतो?

विश्वाच्या प्रसरणाचा वेग काही शास्त्रज्ञांना ६७ आणि काहींना ७३ मिळतो, तर मोजण्यात नेमके कोण चुकते, असे आपण विचारले आहे. यातला ७३ हा आकडा मोजलेला आहे आणि ६७ हा गणिताने काढलेला आहे, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश प्लँक उपग्रहाने टिपला. विश्वाचे आपले आजचे प्रारूप बरोबर आहे असे धरले, तर त्यावरून आजचा वेग दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ६७.४ किलोमीटर निघतो.

ॲडम रीस यांच्या गटाने २०२२ मध्ये दिलेला ७३.०४ हा आकडा मात्र ताऱ्यांची अंतरे पायरी पायरीने मोजून आलेला आहे. सेफीड तारा जितक्या सावकाश उजळतो आणि मंदावतो, तितका तो मुळात अधिक तेजस्वी असतो, हे हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये दाखवले. मूळ तेज आणि दिसणारे तेज यांवरून अंतर कळते, आणि तेथून पुढच्या दीर्घिकांसाठी अधिनवताऱ्यांचा, म्हणजे स्फोट होऊन प्रचंड तेजाने उजळणाऱ्या ताऱ्यांचा, आधार घेतात.

या पद्धतीवरचा मोठा आक्षेप गर्दीचा होता. आमच्या नागपुरात रात्री फुटाळ्याच्या काठावरून पलीकडचा एखादा दिवा निरखून पाहा: शेजारच्या दिव्यांचा उजेड त्यात मिसळतो, तो आहे त्याहून प्रखर भासतो आणि म्हणून जवळचा वाटतो. सेफीडांबाबत असे झाले असते, तर अंतरे कमी आणि वेग जास्त आला असता. पण जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने अधिक स्पष्ट दृष्टीने तेच तारे तपासले, आणि आधी हबल अवकाश दुर्बिणीने मोजलेली अंतरे टिकली. माझ्या दृष्टीने हा पुरावा फार वजनदार आहे.

तरीही विश्वाचे प्रारूपच चुकले आहे म्हणून नव्या भौतिकीची घोषणा करण्याची घाई मी करणार नाही, कारण वेंडी फ्रीडमन यांच्या गटाला २०१९ मध्ये लाल राक्षसी ताऱ्यांवरून ६९.८, म्हणजे दोन्हींच्या मधला आकडा, मिळाला होता. मला खरी आशा गुरुत्वीय लहरींकडून, म्हणजे जड ताऱ्यांच्या मीलनासारख्या घटनांतून अवकाशात उठणाऱ्या तरंगांकडून, वाटते, कारण त्यांत अंतर लहरीतूनच कळते, मधल्या पायऱ्या लागत नाहीत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी टिपलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनावरून सुमारे ७० आले, पण अनिश्चितता इतकी मोठी होती की त्यात दोन्ही आकडे बसतात. अशा बऱ्याच घटना हव्यात, आणि त्या कोणत्या दीर्घिकेत घडल्या हेही कळायला हवे. हिंगोली जिल्ह्यात उभारायच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेमुळे लहर कोणत्या दिशेने आली हे अधिक नेमके ठरवता येईल.