नैरोबीला निघण्याआधी

आधी यलो फीव्हरच्या लशीचं बघ. प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घे आणि लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेव. सुट्टीवर घरी येताना मुंबई विमानतळावर मागतात, नसेल तर विलगीकरणात बसावं लागू शकतं. स्वेटर घे. आफ्रिका म्हणजे उकाडा असं आपण धरून चालतो, पण हे शहर 1,700 मीटरच्या आसपास उंचीवर आहे, जुलैत चांगली हुडहुडी भरते. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा आणू नकोस, 2017 पासून बंदी आहे.

सिम मिळालं की लगेच एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची-घ्यायची सेवा, चालू कर. भाजीवालीपासून घरभाड्यापर्यंत सगळं त्यावर चालतं. पैसे पाठवताना समोरच्याचं नाव दिसतं, ते नीट वाच. ‘चुकून तुम्हाला पैसे आले, परत पाठवा’ असा मेसेज आला तर आधी बॅलन्स बघ. बहुधा भामटाच असतो.

दुकानात शिरल्या शिरल्या भाव विचारू नकोस. आधी ‘हबारी’ (स्वाहिलीत ‘काय खबर?’), दोन शब्द विचारपूस, मग काम. आपली मुंबईची घाई इथे उद्धटपणा वाटते.

जेवणाची चिंता नको. नैरोबीतल्या पार्कलँड्स भागात गुजराती दुकानांत तूरडाळ, कढीपत्ता सगळं मिळतं. गोडा मसाला तेवढा घरून आण, जरा जास्तच.